डबी कुठे ठेवायची?

मागच्या अंकात एआरटी सेंटरवरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मोफत मिळतात त्या सरकारी केंद्रावरच्या, माझ्या कामाबद्दल चार ओळी काय छापून आल्या, संपादकांकडे पत्रांचा गठ्ठा जमला. एकाही पत्राखाली नाव नाही. एका बाईंनी तर लिहिलंय, ‘माझा प्रश्न छापू नका, फक्त उत्तर छापा.’ त्यांच्यापुरतं तसंच करते आहे. उत्तर ज्याचं त्याला कळेल.

आधी माझ्याविषयी. २००७ ते २०२३ मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, एआरटी सेंटरवर समुपदेशक होते. डॉक्टर नाही. गोळ्यांबद्दल जे सांगेन ते डॉक्टरांच्या शेजारच्या खुर्चीत सोळा वर्षं बसून ऐकलेलं आणि पेशंटांनी माझ्याकडून घोटून घेतलेलं आहे. तरी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलाही डोस बदलू नका.

प्रश्न : ताई, मी धारूर तालुक्यातली, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्या मावशीला एचआयव्ही आहे. काका वारले. ती मामासोबत ऊसतोडीला जाते. या वर्षी टोळी बेळगावकडे होती. जानेवारीत गोळ्या संपल्या. गावी यायचं तर तीन दिवसांचा खाडा आणि वर गाडीभाडं. मुकादमाला कारण काय सांगणार? अडीच महिने गोळी नाही. पाडव्याला आली तेव्हा ब्लाउज खांद्यावरून उतरत होतं. रात्री घाम येतो, खोकते. सेंटरवर जा म्हटलं तर म्हणते, ‘तिथल्या बाई रागावतील.’ काय करू?

उत्तर : बाळा, तू नर्सिंगला आहेस म्हणून सरळच सांगते. गोळ्यांचं नंतर, आधी खोकला. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम, या चारांतलं एकही असलं तरी सेंटरवर पहिल्यांदा टीबीची तपासणी होते. तुझ्या मावशीला तीन तर दिसतातच. एचआयव्ही असलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त मारतो तो टीबी. उद्याच तिला घेऊन जा, थुंकीची तपासणी करा आणि सीडी-फोर (आजाराशी लढणाऱ्या पेशी) मोजायला रक्त द्या. घरात जुन्या गोळ्यांची डबी उरली असेल तर ती आपल्या मनानं सुरू करू देऊ नकोस. टीबी आत लपलेला असताना एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्या की अंगातली ताकद परत येते आणि त्या लपलेल्या टीबीवर अशी काही तुटून पडते की माणूस आणखीच आजारी पडतो. कशानंतर काय सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील. टीबी निघालाच तर गोळीचा डोसही बदलतो. टीबीचं रिफाम्पिसिन हे औषध चालू असताना एचआयव्हीच्या गोळीतलं डोल्युटेग्राविर दिवसातून एकदा पुरत नाही, दोनदा लागतं. सीडी-फोर ३५० च्या खाली गेला असेल तर दुसरे संसर्ग टाळणारी सेप्ट्रानची गोळीही देतील. एवढ्या गोळ्या पाहून मावशी घाबरेल. ‘जास्तीच्या गोळ्या काही महिन्यांसाठीच आहेत’ म्हणून सांग. ते खरंच आहे.

आता रागावण्याचं. रागावतील, शक्यता आहे. मीही रागावले आहे, ते पुढे एका उत्तरात येईल. पण तू सोबत गेलीस तर कमी रागावतील, आणि आत शिरल्या शिरल्या तूच बोल : ‘अडीच महिने गोळी बंद आहे, खोकला आहे, कामावर होती.’ पेशंट ‘रोज घेते’ म्हणतो आणि रिपोर्ट वेगळंच सांगतो, तेव्हा जास्त चिडचिड होते.

पुढच्या हंगामाचं आतापासून सांगते. ज्याची तब्येत स्थिर आहे आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, दबलेला आहे त्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात. तुझ्या मावशीचा आता खंड पडलाय, त्यामुळे लगेच देणार नाहीत. पण आता सुरू झाल्यावर नीट घेतल्या तर दसऱ्यापर्यंत ती पुन्हा स्थिर होऊ शकते. टोळी दिवाळीच्या आगेमागे निघते, म्हणून सप्टेंबरमध्येच सेंटरवर सांगायचं, ‘मी कारखान्याला चाललेय, अमुक तारखेला निघणार.’ निघायच्या आदल्या आठवड्यात तीन महिन्यांचा साठा घ्यायचा. तो जानेवारीअखेर संपतो आणि हंगाम मार्चपर्यंत असतो, म्हणजे मधे एक-दोनदा कुठून तरी गोळ्या घ्याव्याच लागणार. त्यासाठी हिरवं पुस्तक. उपचाराच्या नोंदींचं, पेशंटच्या हातात असतं ते, सगळे ग्रीन बुक म्हणतात. ते घेऊन देशातल्या कुठल्याही एआरटी सेंटरवर गेलं आणि ‘कामासाठी आलेय’ म्हटलं की वाटेतली पेशंट म्हणून महिनाभराच्या गोळ्या मिळू शकतात. कोल्हापूरला सीपीआर, सांगलीला सिव्हिल, बेळगावलाही सरकारी सेंटर आहे. पुस्तक कोपीत भिजतं, हरवतं. तुझ्या मोबाइलवर त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. मोबाइल मामाच्या हातात जात असेल तर तुझ्याकडेच ठेव आणि लागेल तेव्हा तिथल्या सेंटरला पाठव. फारच अडलं तर इथल्या सेंटरशी आधी बोलून तूही गोळ्या नेऊन देऊ शकतेस. दर वेळी नको मात्र. तिचं वजन आणि रक्त बघायचं राहून जातं.

एक विचारायचं होतं. मावशी गोळ्या कशात ठेवते? माझ्याकडे ऊसतोडीच्या बायका मिश्रीच्या डबीत गोळ्या घेऊन यायच्या. कोपीला ना दार ना कडी, दहा माणसं येता-जाता बघतात, सेंटरची प्लास्टिकची डबी दिसली की ‘हे कशाचं गं?’ सुरू होतं. चालताना खुळखुळा वाजतो तो वेगळाच. मिश्रीच्या डबीत मात्र कोणी हात घालत नाही. अक्कल बिनतोड आहे. गोळी मात्र ओल धरते. तिला सांग, मूळ डबीचं लेबल खुशाल फाड, वरून कापसाचा बोळा दाबून भर म्हणजे वाजणार नाही, पण आतली ती छोटी पुडी फेकू नकोस, ती ओल शोषते. आणि डबी कनातीच्या उन्हाच्या बाजूला नको, पिठाच्या पिशवीत खाली ठेव. वेळ पहाटे तीनची धर. सगळे कोयते घासत असतात, चहा होत असतो, कोण काय तोंडात टाकतंय ते कोणी बघत नाही. पूर्वीच्या एफाव्हिरेन्झच्या गोळीनं चक्कर यायची, वेडीविद्री स्वप्नं पडायची, ती झोपतानाच घ्यावी लागे. आताच्या टीएलडीला (टेनोफोव्हिर, लॅमिव्युडीन, डोल्युटेग्राविर या तिन्हींची मिळून एक गोळी) तसं बंधन नाही. वेळ रोज एक असली की झालं.

एसटीत एचआयव्ही बाधितांना मोफत प्रवासाची सवलत आहे हे तुला माहीत असेल. मावशीला माहीत असून ती वापरत नसेल तर आग्रह करू नकोस. गावच्या गाडीत, गावच्या कंडक्टरसमोर ते कार्ड काढायचं म्हणजे काय, ते तिला विचार. माझे कितीतरी पेशंट फुकटचा प्रवास सोडून पूर्ण तिकीट काढायचे.

प्रश्न : एका वैद्यांनी सहा महिन्यांत रिपोर्ट निगेटिव्ह करून देतो सांगितलं आहे. पंचेचाळीस हजार रुपये. अर्धे आधी. द्यावेत का?

उत्तर : नाही. एड्स बरा करतो असा दावा औषधाच्या वेष्टनावर करायला कायद्यानंच मनाई आहे, म्हणून असे लोक पावती देत नाहीत आणि काही छापत नाहीत. आणि एक चलाखी ओळखून ठेवा. सेंटरच्या गोळ्या चालू असताना व्हायरल लोडच्या रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ येतं. म्हणजे विषाणू यंत्राला सापडत नाही इतका कमी. गेला असा त्याचा अर्थ नाही. वैद्यबुवा तोच कागद दाखवून आपलं श्रेय घेतात आणि मग गोळ्या बंद करायला सांगतात. पंचेचाळीस हजारांची एखादी गाय घ्या.

प्रश्न : ताई, नमस्कार. वय ६३. २००५ पासून गोळ्यांवर आहे, एक दिवस चुकवलेला नाही. आता साखर निघाली आहे. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एका खासगी दवाखान्यात गेलो. मी स्वतःहून आजार सांगितला. आधी म्हणाले, तुमच्यासाठी वेगळं किट लागेल, अठरा हजार जास्त. मी हो म्हटलं. मग म्हणाले, ओटी (ऑपरेशन थिएटर) रिकामी नाही. परत आलेल्या फायलीवर लाल शाईनं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मुलानं वाचलं. त्याला माहीत नव्हतं. दुसरं, माझे गाल अजून बसलेले आहेत, नवीन गोळ्यांनी भरतील का?

उत्तर : काका, २००५! म्हणजे तुम्ही अगदी पहिल्या पंगतीतले. नव्या वाचकांसाठी सांगते. १ एप्रिल २००४ ला सरकारनं मोफत औषधं सुरू केली तेव्हा देशात फक्त आठ सेंटरं होती, त्यांत मुंबईचं जे.जे. त्याआधी ज्यांना परवडायचं तेच जगायचे. २००१ मध्ये सिप्लानं तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून दाखवला. तोवर परदेशी कंपन्या त्यालाच दहा हजार डॉलरच्या वर घेत होत्या. तरीही आपल्याकडे महिन्याच्या गोळ्यांसाठी लोकांनी म्हैस विकली, एकरभर कोरडवाहू विकली. आणि मग गोळ्या फुकट मिळायला लागल्या तर सीडी-फोर २०० च्या खाली उतरेपर्यंत थांबा म्हणायचे, कारण सगळ्यांना पुरतील एवढ्या नव्हत्या. माणूस पुरता खंगला की मगच औषध. ती अट हळूहळू वर सरकत गेली आणि २०१७ मध्ये पूर्ण सुटली. आता रिपोर्ट आला की गोळ्या सुरू.

तुमच्या गालांचा गुन्हेगार स्टॅव्हुडीन. त्या काळच्या त्रिकुटातलं एक औषध. जीव वाचवला त्यानं, पण गालांची, दंडांची, पिंढऱ्यांची चरबी खाल्ली, कित्येकांच्या तळपायांना कायमच्या मुंग्या देऊन गेलं. बसस्टँडवर मी चेहरा बघून आमचा पेशंट ओळखायची. दुर्दैवानं गावही ओळखायला शिकलं. नव्या गोळ्यांनी वजन वाढतं, पण ते पोटावर येतं. गाल फारसे भरत नाहीत. खोटी आशा देत नाही. दाढी वाढवा. आमच्या जुन्या पेशंटांपैकी निम्मे दाढीवाले आहेत, ते काही सगळेच माळकरी झालेले नाहीत.

साखरेसाठी मेटफॉर्मिन चालू केलं असेल तर साखरेच्या डॉक्टरांना टीएलडीचं नाव सांगावंच लागेल. डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिन रक्तात जास्त साठतं, म्हणून त्याचा डोस साधारण दिवसाला एक हजार मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. पित्ताचं औषध, कॅल्शियम, लोहाची गोळी टीएलडीबरोबर एकत्र घेऊ नका. आधी टीएलडी, दोन तासांनी ते. ते आधी घेतलं गेलं तर टीएलडी सहा तासांनी. या वयात तुम्ही गुडघ्यासाठी कॅल्शियम घेत असणारच. टेनोफोव्हिर मूत्रपिंडावर येतं आणि साखरही तिथेच येते, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी टाळू नका.

आता ऑपरेशन. वेगळं किट हे थोतांड आहे. हातमोजे, गाऊन, चष्मा, सुया नीट टाकणं, हे प्रत्येक पेशंटला करायचंच असतं, कारण दारातून आत येणाऱ्या दहा जणांत कोण पॉझिटिव्ह आहे ते त्याला स्वतःलाही माहीत नसतं. तुम्ही तर सांगून आलात, गोळ्यांवर आहात, विषाणू दबलेला आहे. त्या ओटीतला त्या दिवशीचा सगळ्यांत कमी धोक्याचा पेशंट तुम्हीच असाल. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीमुळे उपचार नाकारणं त्यात बेकायदा आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय फायलीवर असं चव्हाट्यावर लिहिणंही. तक्रार ऐकायला राज्यात ऑम्बुड्समन नेमायची तरतूद आहे. त्यानं तीस दिवसांत निकाल द्यायचा, तातडीचा उपचार अडला असेल तर शक्यतो चोवीस तासांत. तक्रार लेखी करा, एआरटी सेंटरवरून मदत मिळेल. ऑपरेशन मात्र त्या निकालापर्यंत अडवून धरू नका. हर्निया अडकला तर कायदा काय चाटायचाय? सरकारी मेडिकल कॉलेजला जा, सेंटरच्या डॉक्टरांची चिठ्ठी सर्जनच्या हातात द्या.

मुलाचं तुम्ही एका वाक्यात लिहिलंत आणि पुढे गेलात. तो काय म्हणाला ते लिहिलं नाहीत. त्याला एकदा सेंटरवर घेऊन जा. वीस वर्षं एक दिवस न चुकवता गोळी घेतलेला बाप आहे त्याचा, हे तिथल्या माणसाच्या तोंडून त्याला ऐकू दे.

प्रश्न : (विनंतीवरून छापलेला नाही.)

उत्तर : तुम्ही निगेटिव्ह आहात, यजमान पॉझिटिव्ह आहेत, सासूबाईंना नातू हवा आहे आणि एका डॉक्टरांनी तुम्हाला ‘विसरून जा’ सांगितलं. विसरू नका. यजमानांचे लागोपाठचे दोन्ही व्हायरल लोड ‘नॉट डिटेक्टेड’ आहेत असं तुम्ही लिहिलंय. अशा माणसाकडून शरीरसंबंधातून एचआयव्ही जात नाही, हे आता जगभर मान्य आहे. दोघांनी सेंटरच्या डॉक्टरांना सांगून, तारखा ठरवून प्रयत्न करा. त्या महिन्यांत त्यांची एकही गोळी चुकता कामा नये. तुम्ही मधूनमधून तपासणी करत राहा, दिवस गेल्यावरही. बाळाला हा आजार आईकडून जातो, बापाकडून थेट नाही. तुम्ही निगेटिव्ह राहिलात की बाळाचा प्रश्नच उरत नाही. आई पॉझिटिव्ह असते तेव्हा बाळाला जन्मल्यापासून सहा आठवडे नेव्हिरापिनचं औषध आणि अठराव्या महिन्यापर्यंत तपासण्या, हे सगळं करावं लागतं. त्यातूनही निगेटिव्ह निघालेली पोरं मी मांडीवर घेतली आहेत. तुमचं तर फारच सोपं आहे.

सासूबाईंना सांगायचं की नाही? कायद्यानं कोणी तुम्हाला भाग पाडू शकत नाही. आणि डबी तुमच्याच कॅल्शियमच्या गोळ्यांच्या शेजारी ठेवता, हे वाचून हसू आलं. ठेवा, फक्त घाईत एकाच वेळी दोन्ही त्यांच्या हातावर देऊ नका. वर काकांना लिहिलंय ते वाचा.

प्रश्न : मी साठ मुलांच्या एका वसतिगृहाचा अधीक्षक आहे. आठवीतला एक मुलगा रोज रात्री नऊला पेटीतून गोळी काढून घेतो. मी डबीवरचं नाव मोबाइलवर शोधलं. आजीला विचारलं तर रडायला लागली. त्याची एक बहीण दहावीला आहे. मुलाला ‘रक्त वाढायची गोळी’ सांगितलं आहे. मी तूर्त त्याचं ताट आणि पेला वेगळा केला आहे. इतर पालकांना कळवणं माझं कर्तव्य नाही का? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?

उत्तर : सर, उद्या सकाळच्या नाश्त्याआधी ते ताट आणि पेला परत सगळ्यांच्या भांड्यांत मिसळून टाका. आधी ते, मग पुढचं वाचा.

एका ताटात जेवून, एका न्हाणीत आंघोळ करून, कबड्डीत ढोपरं फोडून घेऊन एचआयव्ही होत नाही. रक्त आलं तर कोणाचंही असो, हातमोजे घालून पुसायचं. हे तुम्ही सर्व साठ मुलांसाठी करायला हवं, कारण उरलेल्या एकोणसाठांची डबी तुम्ही वाचलेली नाही. पालकांना कळवणं तुमचं कर्तव्य नाही, उलट तो कायद्याचा भंग आहे. प्रवेश नाकारणं किंवा काढून टाकणं हाही. जबाबदार कोण हे विचारलंत म्हणून सांगितलं, धमकी म्हणून नव्हे. तुम्ही पत्र लिहिलंत, परस्पर काही केलं नाहीत, याचा अर्थ तुम्हालाही ते ताट वेगळं करताना बरं वाटलेलं नाही.

त्याच्या आईवडिलांचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण आजी सांभाळते म्हणजे कळलंच. २००६ च्या अखेरीस लहान मुलांसाठीची औषधं सरकारी सेंटरांवर यायला लागली. त्याआधी मोठ्यांच्या गोळ्या मोडून द्यायचे, चवीनं पोरं ओकायची. आता अशी मुलं जगतात, वाढतात, त्यांना मिसरूड फुटतं. आणि मिसरूड फुटल्यावर ती गोळी थांबवतात. माझ्याकडे एक मुलगी होती, तेव्हा तेरा वर्षांची. वर्षभर सगळं छान, मग अचानक व्हायरल लोड एक लाखाच्या पुढे. आजी तुळशीची शपथ घेऊन सांगत होती, ‘माझ्यासमोर गिळते.’ दोन महिन्यांनी आजीनं गाद्या उन्हात घातल्या, तेव्हा पोरीच्या उशीच्या अभ्र्यात गोळ्या निघाल्या. जिभेखाली धरायची आणि आजी वळली की काढून ठेवायची. मी तिला एकटीला घेऊन बसले. अर्धा तास गप्प. मग म्हणाली, ‘रक्त वाढायची गोळी मावशीची मुलगी तीन महिने खाते आणि बंद करते. माझीच का बंद होत नाही? मला काय झालंय ते सगळ्यांना माहिती आहे, मलाच नाही.’

तुमच्या मुलाचंही हेच वय आलंय. पण त्याला सांगणारे तुम्ही नव्हेत. आजी आणि समुपदेशक मिळून, दोन-तीन भेटींत, तुकड्या-तुकड्यानं सांगतील. आजीला सेंटरवर जायला त्या दिवशी गाडी बघून द्या. आणि नंतरचा महिनाभर तो चिडेल, जेवणावर रुसेल, कोणाशी तरी मारामारी करेल. तेव्हा त्याच्या बाजूनं असणारं मोठं माणूस वसतिगृहात एकच असेल, ते तुम्ही.

राहिली डबी. त्याच्या पेटीत नको, पोरं पेट्या उचकतात. तुमच्या ऑफिसच्या कपाटात एक औषधांचा खण करा आणि सगळ्या मुलांची औषधं त्यात आणा : दम्याचा पंप, फिटच्या गोळ्या, कोणाचं त्वचेचं मलम. रात्री नऊला चार-पाच मुलं रांगेत येतील, आपापलं घेतील, तिथेच पाणी पितील. तोही त्यांतला एक. लेबलावर कागद चिकटवून फक्त हजेरी क्रमांक लिहा. सुट्टीत घरी जाताना डबी सोबत दिली का, हे मात्र जातीनं बघा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्यांत जास्त रिपोर्ट बिघडलेले मी पाहिले आहेत.

त्याची बहीण दहावीला आहे म्हणता. आजीनंतर काय, ही चिंता आजीला असणार. याच कायद्यात एक कलम आहे, फार कमी लोकांना ठाऊक. अशा घरातलं बारा ते अठरा वयाचं समजूतदार भावंड धाकट्याच्या शाळाप्रवेशासाठी, उपचारासाठी, बँकेच्या खात्यासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं. बालसंगोपन योजनेचा अर्जही करून ठेवा, त्याचा महिन्याचा आधार होईल. फक्त अर्ज स्वतः नेऊन द्या, शिपायाच्या हाती पाठवू नका. निराधार योजनेच्या अर्जावर आजाराचं नाव लिहावं लागतं म्हणून महिन्याचे पैसे सोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तो कागद तलाठ्याच्या टेबलावर तीन दिवस उघडा पडला तर गावात बातमी करायला चौथा दिवस लागत नाही.

प्रश्न : मॅडम, मी सात महिन्यांपूर्वी एका सेंटरवर समुपदेशक म्हणून लागले. दर महिन्याला बेपत्ता पेशंटांची यादी हातात येते. फोन लावला की ‘राँग नंबर’. आउटरीचवाले दादा पत्त्यावर जातात तर त्या नावाचं कोणी राहतच नाही. वरून विचारणा होते. लोक आपल्याशी एवढं खोटं का बोलतात?

उत्तर : अगं, ते तुझ्याशी खोटं बोलत नाहीत, तुझ्या रजिस्टरशी बोलतात. ज्या गावात जीप आली की पोरं मागे धावतात, तिथला खरा पत्ता कोण देईल? पत्ता लिहून घेताना नुसतं ‘पत्ता सांगा’ म्हणू नकोस. विचार, ‘फोन कोण उचलतं? मी कोण म्हणून बोलू? घरी कोणी आलं तर काय सांगायचं?’ बचत गटाच्या, विम्याच्या, शाळेच्या, पेशंट म्हणेल त्या बाई हो. आमचे आउटरीचवाले दादा एका वस्तीत सहा वर्षं ठिबकची चौकशी करणारे म्हणून जात होते. शेवटी एकानं त्यांच्याकडून खरंच कोटेशन मागितलं.

आणि यादीतला प्रत्येक जण निष्काळजी नसतो. ज्याला आपण ‘एक दिवस चुकवू नका’ सांगतो त्यालाच साठा कमी म्हणून सात दिवसांच्या गोळ्या देऊन परत बोलावतो. त्याची मजुरी बुडते, भाडं जातं. २०२२ मध्ये अशाच तुटवड्यावरून पॉझिटिव्ह लोकांनी दिल्लीत महिन्याहून जास्त धरणं धरलं होतं. आपले पेशंट धरणं धरत नाहीत. ते नुसते यायचे बंद होतात.

आता माझं. २०११ ची गोष्ट, उन्हाळा. सकाळपासून ऐंशी कार्डं झाली होती, पंखा बंद. एक गवंडी आला, चार महिन्यांनी. मी रांगेसमोरच म्हटलं, ‘मरायचं असेल तर घरीच मर ना बाबा, इथे कशाला येतोस?’ तो हसला. खरंच हसला, मान डोलावली आणि गोळ्या घेऊन गेला. परत आला नाही. त्याचं पांढरं कार्ड मी दोन वर्षं ड्रॉवरमध्ये वेगळं ठेवलं होतं. दिलेला पत्ता बरोबर होता गं. दादा जाऊन आले तेव्हा बायकोनं फक्त तारीख सांगितली.

तेव्हापासून चार महिन्यांनी आलेल्याला मी पहिलं वाक्य ‘बरं झालं आलात’ हेच म्हणायला लागले. तोंडात बसायला मला वर्ष लागलं, तुला कमी लागेल. आलेला माणूस पहिला प्रश्न कुठला ऐकतो त्यावर तो पुढच्या महिन्यात येतो की नाही ते ठरतं. आणि दमशील तेव्हा दहा मिनिटं उठून बाहेर जा, चहा पी. कंत्राटी नोकरीत कोणी बक्षीस देणार नाही, निदान चहा तरी घे. रात्री-अपरात्री पेशंटांचे फोन यायला लागले तर त्यांना १०९७ हा फुकट नंबर देऊन ठेव, तिथे मराठीतही बोलता येतं.

माझा नंबर मात्र मी एका बाईंना दिला होता. त्यांनी तो ‘गॅस एजन्सी’ म्हणून साठवला, कारण फोन सून बघते. गोळ्यांची तारीख जवळ आली की मी फोन करायची, ‘सिलिंडर आलाय, घेऊन जा.’ सून म्हणायची, ‘आत्या, तुमच्या गॅसवाल्या बाई.’ मी सेंटर सोडून बराच काळ झाला. गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन : ‘सिलिंडर संपत आलाय हो. गुरुवारी सुट्टी आहे म्हणतात, खरं का?’

मी तुझ्यासारख्याच एका नव्या पोरीला फोन लावून विचारून घेतलं. सुट्टी नव्हती.